शब्दांकनाची ओळ छापत चला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या करिअर पुरवणीत 'घरबसल्या व्हा घोस्ट रायटर', म्हणजे दुसऱ्याच्या नावानं लिहून देणारा, हा लेख वाचला. लॅपटॉप, इंटरनेट आणि भाषेवर प्रभुत्व एवढ्या भांडवलावर दिवसाला दोन हजार शब्द लिहा आणि महिन्याला एवढे एवढे कमवा, असा त्यात सरळ हिशोब मांडला होता. माझ्या भाचीनं तो लेख मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, तू हेच करतेस ना? मग तुझ्याकडं अजून जुनी स्कूटीच कशी?" भाचीला मी उत्तर दिलंय. हे पत्र तुमच्यासाठी आणि तो लेख वाचून हातची नोकरी सोडायला निघालेल्या पोरापोरींसाठी.

मी कोल्हापूरची. १९८९ साली मराठी लघुलेखनाची मिनिटाला शंभर शब्दांची परीक्षा पास झाले आणि जिल्ह्यातल्याच एका सहकारी साखर कारखान्यात चेअरमनसाहेबांची स्टेनो म्हणून लागले. साहेब सांगायचे, मी उतरून घ्यायचे, टाइप करून सहीला ठेवायचे. हळूहळू साहेब कमी सांगायला लागले. पुढं पुढं नुसतं "तेवढं सभेचं बघा" म्हणाले की मी समजून जायचे. सभा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. गाळप किती झालं, साखरेचा उतारा किती पडला, कर्ज किती फेडलं, उसाला दर का इतकाच, हे सगळं पुढच्या रांगेत बसलेल्या आणि ऐकण्यापेक्षा अडवण्याच्या तयारीनं आलेल्या सभासदांच्या गळी उतरवायचं. या व्यवसायाचं माझं शिक्षण तिथं झालं. कुठलाही कोर्स नाही.

साहेबांना दमा होता. लांब वाक्य आलं की मध्येच श्वास तुटायचा. एका सभेत "यंदा आपण वाढीव दर देऊ, परंतु..." एवढं म्हणाले आणि खोकल्याची उबळ आली. मंडपात टाळ्यांचा कडकडाट. 'परंतु'च्या पुढचं कुणी ऐकलंच नाही, आणि पुढचे सहा महिने त्या वाढीव दरासाठी कारखान्यावर मोर्चे. तेव्हापासून मी अट आधी लिहायला लागले आणि आश्वासन नंतर. "साखरेला भाव टिकला, तर..." खोकला आला तरी टाळ्या पडत नाहीत. समासात लाल पेन्सिलीनं पाण्याच्या ग्लासाची खूण करायचे, म्हणजे साहेब तिथं थांबायचे. दुसऱ्यासाठी लिहायचं म्हणजे त्याच्या छातीत किती हवा मावते तेही ठाऊक पाहिजे, हे दोन हजार शब्दांच्या हिशोबात कुठं धरलंय?

अजून एक. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवतं आणि ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत ती द्यावी असा नियम आहे. ती रक्कम "संचालक मंडळानं मोठ्या मनानं अदा केली" असं वाक्य मी कधी लिहिलं नाही. साहेब व्यासपीठावर ते स्वतःच्या पदरचं घालायचे. त्यांची सभा, त्यांचं तोंड. पण माझ्या कागदावर ते नव्हतं, आणि त्यावरून त्यांनी मला कधी बोललंही नाही. आपल्या हातून काय लिहून द्यायचं नाही ते आपल्यापुरतं ठरलेलं असलं की गिऱ्हाईकही ते ओळखतं.

कारखान्याची नोकरी सोडल्यावर कामं आपोआप येत गेली. मानपत्रं, दूध संघाच्या अहवालातलं अध्यक्षीय मनोगत, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात माजी विद्यार्थी असलेल्या आमदारांची 'आठवण', डॉक्टरांचं आरोग्यसदर. पंचाहत्तरी आली की अमृतमहोत्सवी ग्रंथ. अशा एका ग्रंथात निम्मेअधिक लेख माझ्या हातचे आहेत आणि प्रत्येकाखाली वेगळं नाव आहे. त्यात गंमत असते. मास्तर 'आदर्श व्यक्तिमत्त्व' म्हणणार, तालमीतला जोडीदार 'वाघ' म्हणणार, व्याही तोंडभरून कौतुक करणार आणि जावई जपूनच बोलणार. सगळे एकाच सुरात बोलायला लागले की समजा, लिहिणारा झोपला. श्रद्धांजलीची भाषणंही लिहिते. एकदा तर माणूस अतिदक्षता विभागात असतानाच कार्यकर्त्याचा फोन आला, "ताई, तयारी असलेली बरी." मी म्हटलं, आधी डॉक्टरांना तयारी करू दे. माणूस खडखडीत बरा होऊन घरी आला. कार्यकर्ता सत्काराला हार घेऊन सर्वांत पुढं.

पण या धंद्याचं खरं पाणी कळतं ते माणसाचं आख्खं आयुष्य लिहायला घेतलं की. शाहूपुरीतले एक गूळ व्यापारी, आता नाहीत. घराण्याची जुनी अडत. नातवानं आणि मुलानं ठरवलं की अण्णांचं आत्मचरित्र काढायचं. मी रेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी जायचे, सोप्यात गादीवर अण्णा बसायचे. पहिल्या काही बैठकांत हाती काही लागलं नाही. "लय कष्ट केलं, देवाच्या दयेनं समदं झालं," यापलीकडं गाडी जाईना. त्या वेळी तुम्हाला काय वाटलं, असं विचारलं की माणूस सत्काराच्या भाषणासारखं बोलतो, हे मला एव्हाना ठाऊक होतं. मग मी वाटण्याबिटण्याचं सोडलं आणि वस्तूंचं विचारलं. पहिल्या दुकानात काटा कसला होता? उधारीची वही कुणाच्या ताब्यात? गुऱ्हाळावरून रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, आल्या की खराब माल कसा ओळखायचा? अण्णा ताठ झाले. गुळाचा रवा फोडून आतला रंग कसा बघायचा, भेसळीचा गूळ जिभेवर कसा कळतो, कुठल्या गुळव्याच्या हाताला काय गुण होता, आणि रस आटवायची काहील उतरवायला दोन मिनिटं उशीर झाल्यावर बापानं त्या गुळव्याला न बोलता नुसतं कसं बघितलं, हे सगळं सांगत सुटले. त्या बघण्यातून मला त्यांचे वडील सापडले. पुस्तकातलं चांगलं प्रकरण तेच झालं.

मग आलं वाटणीचं. अण्णा म्हणाले, "आमी तिघा भावांनी समजुतीनं वाटण्या केल्या." स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "समजुतीनं कसल्या वो? सात वर्सं कोर्टात हेलपाटं घाटलं की! माझ्या पाटल्या मोडल्या त्यात." सोप्यात शांतता. रेकॉर्डरचा लाल दिवा चालूच. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "समजुतीनंच लिवा."

आता सांगा, इथं काय करायचं? समजुतीनं लिहिलं तर ते खोटं, आणि आख्ख्या बाजारपेठेला ते खोटं आहे हे माहीत. कोर्टाचं लिहिलं तर हयात असलेले दोन भाऊ, त्यांची मुलं, आणि आता कुठं लग्नाकार्यात एकमेकांकडं जायला लागलेली घरं. पुस्तक अण्णांचं, माझं नाही. मी लिहिलं, "वाटण्या झाल्या." एवढंच. आणि पुढच्याच परिच्छेदात, धंद्यात भांडवल कमी पडल्यावर काकूंच्या पाटल्या मोडल्या हे लिहिलं. तारखा दोन्हीकडं दिल्या. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं. अण्णांनी ते पान दोनदा वाचून घेतलं, चष्मा काढला आणि "हां, चालंल" म्हणाले. काकूंना मी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या पुस्तकाचे पैसे सगळे मिळालेच, वर अण्णा होते तोवर दर दिवाळीला दहा किलोचा एक रवा घरी यायचा.

नातीचं आणखी वेगळंच. ती पुण्यात असते. तिला वाटे आजोबा पुस्तकात 'गावठी' बोलायला नकोत. शेवटी निवेदन साध्या मराठीत ठेवलं आणि माणसं बोलतात तिथं त्यांचं बोलणं जसंच्या तसं. हे असं घरातल्या तीन पिढ्यांशी तीन तऱ्हेनं वाटाघाटी करणं हाही कामाचाच भाग, आणि त्याचे शब्द मोजता येत नाहीत.

मोजता येतं ते सांगते. एक तासाचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला माझे चार-पाच तास जातात, लघुलेखन येत असूनही. दोनशे पानांच्या पुस्तकाला पन्नास-साठ हजार शब्द लागतात आणि ते निघतात त्याच्या कितीतरी पट बोलण्यातून. उरलेलं सगळं टाकायचं. म्हणून "ताई, पानाला किती घेता?" हा प्रश्न आला की मी ओळखते, या माणसाला काम माहीत नाही. पानावर दर ठरवला की लिहिणारा पानं वाढवतो, दुसरं काय होणार? मी आख्ख्या पुस्तकाचा आकडा सांगते आणि हप्ते पाडून घेते: काही बोलणी सुरू होण्याआधी, काही पहिला खर्डा दिल्यावर, आणि शेवटचा पक्की फाईल हातात देण्याआधी. प्रकाशन समारंभानंतरचा हप्ता कधीही कबूल करू नका. समारंभात शाल-श्रीफळ मिळतं, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणारा कुणी नसतो. वर्षाला अशी दोन पुस्तकं झाली तर वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. घर चालतं ते अहवाल, भाषणं आणि स्मरणिकांवर. निवडणुकीचं वर्ष बरं जातं. कंपन्यांची कामं दहा टक्के टीडीएस कापून येतात, विवरणपत्र वेळेत भरलं नाही तर तेही अडकतं. शिवाय मुद्रणालयाला मजकूर श्रीलिपी फाँटात हवा आणि मुलाला ई-बुकसाठी युनिकोडमध्ये हवा, मग एकातून दुसऱ्यात नेताना रफार उडालेले शोधत रात्र काढायची. याला भाषेवर प्रभुत्व म्हणत असतील तर आहे माझं.

लेखात कराराचा शब्द नव्हता. तो सर्वांत आधी हवा होता. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात कलम १७ प्रमाणे लिहिणारा हाच कृतीचा पहिला मालक. नोकरीत राहून कामाचा भाग म्हणून लिहिलं तर वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा मालक नोकरी देणारा. कारखान्यातली माझी भाषणं त्यामुळं माझी नव्हेत, हे मला मान्य आहे. आणि सभेत केलेल्या भाषणाचा पहिला मालक ते करणारा, असं त्याच कलमात वेगळं म्हटलंय. पण स्वतंत्रपणे घेतलेल्या कामात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, हे कलम १९. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या भूभागासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरता. म्हणजे अण्णांच्या मुलानं माझ्याशी नुसतं तोंडी ठरवलं असतं, तर ज्याच्यासाठी त्यानं पैसे मोजले ते पुस्तक कायद्यानं धड त्याचंही झालं नसतं. करार नसला की लिहिणाराच बुडतो असं नाही, लिहवून घेणाराही लटकतो. गिऱ्हाइकाला हे समजावलं की तो सहीला कुरकुरत नाही. माझा करार दोन पानी असतो: किती बैठका, किती वेळा फेरलेखन, रेकॉर्डिंग शेवटी कुणाकडं राहणार, माहिती खरी असल्याची जबाबदारी सांगणाऱ्याची, उद्या कुणी बदनामीचा दावा लावला तर वकिलाचा खर्च कोण करणार, आणि काम अर्धवट असताना सांगणारा गेला तर काय. शेवटचं कलम लिहिताना समोरच्याचं तोंड कडू होतं. पण एका घरात बापाच्या निधनानंतर मुलांनी "आता कशाला ते" म्हणून अर्धं पुस्तक गुंडाळून ठेवलेलं मी पाहिलंय, म्हणून ते कलम मी गाळत नाही.

आणि कलम ५७. हक्क विकले तरी ही कृती माझी आहे असं सांगण्याचा लेखकाचा हक्क वेगळा शिल्लक राहतो, असं ते म्हणतं. हा हक्क करारानं सोडून देता येतो का यावर वकिलांत दुमत आहे. मी स्वतः गुप्ततेचं वचन पाळते. पैसे घेतलेत, शब्द दिलाय. पण नवीन मुलांनी 'नाव नको' ही अट फुकट मान्य करू नये. तिची किंमत वेगळी लावावी.

सध्या नवीनच एक प्रकार सुरू झालाय. गिऱ्हाईक येतं तेच यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहवून घेतलेले दीडशे कागद घेऊन. "ताई, सगळं तयार आहे, फक्त जरा नजरेखालून घाला," आणि मोबदला तिसरा हिस्सा. शिरोळ तालुक्यातल्या एका द्राक्ष-ऊस बागायतदाराचे असे कागद मी पाहिले. पहिल्याच पानावर 'माझा प्रवास', तिसऱ्या पानावर 'आव्हानांचं संधीत रूपांतर', आणि पुढं १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी कोरड्या विहिरीच्या काठावर बसून गाळलेली आसवं. माणसाचं शेत कृष्णेकाठी. त्यानं आयुष्यात भोगला तो महापूर, २००५ चा आणि परत २०१९ चा. मी विचारलं, हा दुष्काळ तुम्ही सांगितला होता? म्हणाला, "न्हाई, पर वाचताना बरं वाटलं." पुराबद्दल त्या कागदांत अवाक्षर नव्हतं. मी त्याला २०१९ ची जनावरं कुठं नेऊन बांधली होती तेवढं विचारलं आणि तो तासभर बोलत राहिला. ते पुस्तक आता पहिल्यापासून चाललंय. यंत्राला माझा विरोध नाही. रेकॉर्डिंग उतरवायला मीही वापरून बघते. ते 'काहील'चं 'काही' करतं, तेवढं दुरुस्त करते. मात्र दुसऱ्याच्या घरातली भांडणं कुठल्या तरी परक्या सेवेवर चढवण्याआधी त्याला विचारलं पाहिजे, हेही आता मी करारात घालायला लागलेय.

ज्या कामाला मी नाही म्हणते तेही सांगते, कारण आपल्या लेखात 'शैक्षणिक लेखनाला मोठी मागणी' असं एक वाक्य होतं. मागणी आहे, खरंच आहे. प्रबंध लिहून द्या म्हणून माणसं येतात आणि अण्णांनी दिले त्यापेक्षा जास्त पैसे द्यायला तयार असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम वाङ्मयचौर्य टक्क्यांत मोजतात. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, पुढं पायरीपायरीनं शिक्षा. भाड्यानं लिहवून घेतलेला प्रबंध कोरा करकरीत असतो, कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये तो सापडायचा नाही. चेअरमन भाषण वाचून दाखवतात तेव्हा ते त्यांनी रात्री जागून लिहिलं असेल असं मंडपातल्या कुणालाच वाटत नाही. प्रबंधावर मात्र 'हे माझं स्वतःचं काम आहे' अशी सही असते आणि त्यावर पुढं नोकरी मिळते, त्या नोकरीत पोरं शिकतात. तिथं मी हात लावत नाही. चौथीतल्या पोराला वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण लिहून द्या म्हणणाऱ्या आयांनाही मी परत पाठवते. त्या जास्त चिडतात.

आपल्या लेखात प्रिन्स हॅरीच्या आत्मचरित्राचं उदाहरण होतं. ते लिहिणारे जे. आर. मोरिंगर हे काही घरबसल्या लॅपटॉप उघडून सुरू झालेले नव्हेत. ते बातमीदार होते आणि २००० साली त्यांना पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं. त्यांचं स्वतःचं आत्मकथन वाचून टेनिसपटू आंद्रे आगासीनं त्यांना बोलावून घेतलं, आणि आगासीचं पुस्तक गाजलं म्हणून पुढची कामं आली. बिननावाच्या चांगल्या कामासाठी आधी स्वतःचं नाव लागतं. म्हणून मला विचारायला येणाऱ्या मुलांना मी सांगते, आधी दोन-तीन वर्षं कुठंतरी मुद्रितशोधन करा, कोर्टाच्या बातम्या लिहा, भाषांतरं करा, आपल्या नावानं चार लेख छापून आणा. लघुलेखन शिका, रेकॉर्डर बघून गप्प होणारी माणसं वहीसमोर बोलतात. आणि नावाचं, पैशाचं म्हणाल तर, डोनाल्ड ट्रम्प यांच्या १९८७ च्या पुस्तकाचे लेखक टोनी श्वार्ट्झ यांचं नाव तर मुखपृष्ठावर होतं आणि उत्पन्नात अर्धा वाटा होता. आता इतक्या वर्षांनी ते त्या पुस्तकाबद्दल जाहीर पश्चात्ताप करतात ही गोष्ट वेगळी, पण वाटा अर्धा होता.

आपल्याकडं तर यापेक्षा स्वच्छ पद्धत होती आणि ती मराठीत रुळलेलीही होती. अभिनेत्री हंसा वाडकरांचं आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपानं आलं, ते अरुण साधूंनी शब्दबद्ध केलेलं. ज्या आत्मकथनावर पुढं श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये चित्रपट केला, ते लिहून घेणारा एक तरुण पत्रकार होता हे कुणी लपवलं नाही. त्यामुळं हंसाबाईंचं आयुष्य कमी त्यांचं झालं नाही, आणि साधू पुढं आपल्या कादंबऱ्यांनी मोठे झाले, २००७ मध्ये नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. व्ही. शांतारामांचं आत्मचरित्र त्यांच्या कन्या मधुरा जसराज यांनी शब्दांकित केलं. दादा कोंडक्यांचं अनिता पाध्ये यांनी. वाचकाला कळत होतं की बोलणारा एक आणि मांडणारा दुसरा, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्याच्याही मागं जायचं तर सातशे वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरी लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव ग्रंथाच्या शेवटच्या ओवीत आहे. त्यांनी रचलं काही नाही, नुसतं उतरून घेतलं, तरी नाव राहिलं.

आणि आता आपल्याच वर्तमानपत्राकडं येते. रविवारच्या पुरवणीत एक नामवंत शल्यचिकित्सक, एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि एक अभिनेत्री अशी तीन सदरं सध्या चालू आहेत. तिन्ही वाचनीय आहेत. त्यांतलं एकही मी लिहीत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर गैरसमज व्हायचा. पण ज्याला या कामाचा कान आहे त्याला दोन परिच्छेदांत कळतं की डॉक्टरांचं आणि पोलीस अधिकाऱ्यांचं सदर एकाच हातचं आहे. दोघंही 'मात्र'नं परिच्छेद सुरू करतात आणि 'असो'वर संपवतात. तो हात आपल्याच कार्यालयातल्या एखाद्या उपसंपादकाचा असेल, पगारात ते काम येत असेल, तर कायद्यानं आपलं काही चुकत नाही. तरीसुद्धा एकीकडं करिअर पुरवणीत पोरांना सांगायचं की हा सन्मानाचा, कमाईचा व्यवसाय आहे, आणि दुसरीकडं स्वतःच्या पानावर तो व्यवसाय करणाऱ्याचं नाव साडेसहा पॉइंटातही छापायचं नाही, याची संगती मला लागत नाही.

जागेची अडचण म्हणाल तर 'शब्दांकन' आणि पुढं नाव, एका स्तंभात एक ओळ. डॉक्टरांना कमीपणा वाटेल म्हणाल तर त्यांना विचारून बघा. दिवसाला तीन-तीन शस्त्रक्रिया करणारा माणूस आठवड्याला बाराशे शब्द स्वतः लिहितो यावर त्यांच्या पेशंटांचाही विश्वास नसेल. आणि त्या उपसंपादकाला उद्या पुस्तकाचं काम मिळायचं तर दाखवायला त्याच्याकडं तेवढीच एक ओळ असेल. ज्याची इच्छाच नसेल, किंवा ज्यानं गुप्ततेचा वेगळा मोबदला घेतला असेल, त्याचं नाव अर्थातच छापू नका.

त्या पुरवणीतल्या लेखाखालीही 'टीम करिअर' असं छापलं होतं. तो कुणी लिहिला तेही कळलं असतं तर या पत्रातला अर्धा मजकूर मी थेट त्याच्याशीच फोनवर बोलले असते.

माझं नाव-पत्ता आणि फोन नंबर सोबत दिला आहे. तो कृपया छापू नये. वर आलेल्या माणसांची घरं कोल्हापुरात लोक लगेच ओळखतील. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. काटछाट करायची झाली तर स्कूटीचं काढा, कराराचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपली,
एक शब्दांकनकार, कोल्हापूर